उणा दाब

उणे एकतीस. गोठ्याच्या दाराला बर्फाची झालर,
आणि लोडर पुन्हा अर्ध्यावर अडला,
गवताचा गोळा हवेत धरून,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसासारखा.

आर्बर्गच्या उत्तरेला, रस्ता संपतो तिथं
आमच्या एकशेचार गाई.
त्यांना पंप, झडप, दाब यांतलं काही कळत नाही.
सहा वाजलेले कळतात.

तीन आठवडे मी पुस्तकातल्या क्रमानं गेले.
तेलाची पातळी: काचेच्या मधोमध.
तेलाचा रंग: दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही.
गाळणी बदलली; जुनी कापून घडी घडी उलगडली,
चकाकणारा कण एकही नाही.
रिलीफ व्हॉल्व्ह विनिपेगहून मागवला,
चारशे डॉलर, टपालखर्च वेगळा.
सीटपुढच्या दांड्याचा स्विच. त्याच्या तारा. सिलिंडरची सीलं.
दर वेळी पहिल्या दिवशी वाटायचं, जमलं.
दर वेळी दुसऱ्या दिवशी उजाडायचं.

स्वेइन म्हणाला, विकून टाकू.
स्वेइन असं सगळ्यालाच म्हणतो.
मागच्या हिवाळ्यात तळ्याकाठच्या झोपडीला म्हणाला होता,
आणि पियानोला.

मग ओरेस्ट हावरिलुक आला.
त्याच्या डाव्या हाताला तर्जनी नाही.
बावीस वर्षांपूर्वी नळीवरून हात फिरवत
गळती शोधत होता.
भोक सुईच्या टोकाएवढं; मुंगी चावल्यासारखं वाटलं, म्हणे.
रात्री बोट काळं पडलं.
तेव्हापासून तो खिशात पुठ्ठ्याचा तुकडा बाळगतो
आणि दुसऱ्याचा हात मनगटाला धरून मागे ओढतो,
न विचारता. माझाही ओढला.

लोडरच्या उचललेल्या हातांना लोखंडी टेकू लागेपर्यंत
तो वाकला नाही.
हत्यारांची पेटी उघडलीच नाही.
एवढंच विचारलं: हा कण्हतो कधी?

तीन आठवडे मी फक्त कुठे, कुठे करत होते.

हळू चालवला तर निमूट उचलतो, मी म्हणाले.
इंजिन चढवलं की कण्हतो, आणि जोर जातो.
"म्हणजे जास्त मागितलं की कमी देतो."
हो.
थंडीत फार.
हं.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं पंपावर टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
श्वासाची वाफ भुवयांवर गोठत होती.
मग म्हणाला, बंद कर,
आणि टाकीतून पंपाकडे जाणारी नळी सोडवली.
काळी, मनगटाएवढी जाड. बाहेरून एक चीर नाही;
मी स्वतः दोनदा पुसली होती तिला.

सुरीनं उभी चिरली तेव्हा दिसलं:
आतलं अस्तर सुटून लोंबत होतं, जिभेसारखं.
पंप जितका ओढेल तितकं ते
घशाशी येऊन बसायचं.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात.
इथं पखालच आजारी होती,
आणि मी तीन आठवडे रेडा डागत होते.

नवी नळी साठ डॉलर.
ओरेस्टनं हेरिंगची बरणी घेतली, पैसे नाही घेतले.
पंपातली हवा निघेपर्यंत लोडर दोनदा खोकला,
मग गवताचा गोळा वर गेला, सरळ,
काही झालंच नव्हतं असा.
गाईंनी मानही वर केली नाही. सव्वासात झाले होते.

चिरलेली नळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली,
का ते माहीत नाही. तेलाचा डाग पडला लाकडावर.
रात्री जेवण झाल्यावर स्वेइन ती घेऊन बसला.
अस्तराखाली बोट घालून उचलायचा, सोडायचा.
उचलायचा, सोडायचा.

"हे कधीपासून असं असेल?"

दोनेक वर्षं, मी म्हणाले, ओरेस्टच्या मते.
उन्हाळ्यात तेल पातळ असतं.
निभावून जातं.