नऊ चौकोन

दापूरचं आमचं शेततळं
उपग्रहाला दिसतं नऊ चौकोनांचं.
कडेच्या आठांत प्लास्टिक, बांध, थोडी तूर,
म्हणजे निखळ पाणी एकच, मधलं.

त्या एकावरून मी
नाशिकच्या ऑफिसात बसून सांगते
शेवाळ किती, गढूळ किती.
दर पाच दिवसांनी. ढग नसले तर.

काल फोन केला : आत्या, हिरवं चढलंय,
पहाटे एअरेटर लाव.
‘परवाच लावला गं,’ ठकूआत्या म्हणाली,
‘कटले वर येऊन आ वासत होते,
अन् पाण्याला भिजक्या गोणपाटाचा वास.’

वास कुठल्या बँडात उतरतो
ते मी शोधलं नाही.
मधल्या चौकोनापुढे, शेऱ्याच्या रकान्यात
एवढंच टाइप केलं :
परवा. गोणपाट. ठकूआत्या.