ट्राम बंद असतात तो सोमवार

माइन्त्समध्ये कार्निव्हलच्या सोमवारी
शहराच्या मधून ट्राम धावत नाहीत.
लिओबा वर्षभर या दिवसाची वाट पाहते,
पण विदूषक व्हायला नव्हे.

ट्राम वळणावर वीज ओढते
आणि तळघरातलं चुंबकाचं क्षेत्र
किंचित शहारतं.
झोपलेल्या गाईच्या कातडीवर माशी बसावी, इतकंच.
पण तेवढ्याने शेवटचे आकडे पुसले जातात.
म्हणून लिफ्ट बंद, गॅरेजचं दार बंद,
खिशातल्या किल्ल्यासुद्धा बाहेर, वेताच्या टोपलीत.

आत, चांदीच्या पोकळीत,
ज्याच्याखाली थंडी उरतच नाही त्या शून्याच्या उंबऱ्यावर
एक इलेक्ट्रॉन.
अकरा आठवडे तोच.
ओटमार त्याला भाडेकरू म्हणतो:
भाडं देत नाही, हेलियम मात्र पितो घागरीने.

भोवरा म्हणावं, तर फिरायला अंग नाही.
होकायंत्राची सुई म्हणावं, तर टोक नाही.
तरी त्याला वर कळतं, खाली कळतं,
आणि मधलं काही विचारलं
तरी उत्तर वर किंवा खाली.

किती चुंबक आहे रे तुझ्यात?
जुन्या हिशेबाने: दोन.
नुसते दोन असते तर लिओबा आत्ता
बहिणीबरोबर रस्त्यावर असती, नाक लाल रंगवून.
पण दोनच्या पुढे टिंब आहे,
आणि शून्य, शून्य, दोन, तीन, एक, नऊ, तीन, शून्य, चार,
आणि पुढे धुकं.
आपण ज्याला रिकामं म्हणतो ते
त्याला घटकाभर एकटं सोडत नाही.
उधारीवर काहीतरी जन्मतं, फेडून नाहीसं होतं,
आणि त्या सगळ्या उधारीची नोंद
टिंबानंतरच्या या शेपटात.

वर मिरवणूक. ढोल. ट्रॉम्बोन.
ट्रॉम्बोन पितळेचे, देव पावला.

दोन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरची रेघ
हळूच कलली.
उडी नव्हे. उडी ती ओळखते, उडी एका दमात असते,
ही कुणी भिंतीला टेकावं तशी.
ओटमार जिना चढून गेला.
तळघराच्या खिडकीला खरोखरच टेकलं होतं कुणीतरी:
एक सरदार, आजोबांच्या भंगारातून जोडलेल्या
अस्सल लोखंडी चिलखतात,
तर्र.
लघवीला जागा शोधत होता.

ओटमारने त्याला दंडाला धरून दोन गल्ल्या पलीकडे नेलं,
वाटेत त्याच्याकडून एक गोळी खाल्ली, लिंबाची.
लिओबाने वहीत लिहिलं:
दोन वीस ते दोन पंचावन्न, सरदार. गाळावे.

मग रात्रभर, जिवाचा कान करून.
तीनला एक उडी.
चार चाळीसला दुसरी.
त्यांच्यामध्ये ती काही बोलली नाही,
एकदा शिंक आली ती बाहीत घेतली.

आकड्यात एक खोटा आकडा मिसळलेला होता,
आपल्याला हवं तेच आपण मोजू नये म्हणून.
तो ओटमारने फासे टाकून ठरवला होता,
कारण त्याला सिद्धान्तातलं ओ की ठो कळत नाही,
आणि बिस्किटांच्या डब्यात, पाकिटात बंद.
जूनमध्ये पाकीट फोडलं.
वजाबाकी पाचवीतल्या मुलाची.

जुळलं.
जिथवर कागद सांगू शकत होता तिथवर जुळलं.
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाही.
"मग काहीच चुकलं नाही?" ओटमार म्हणाला,
"एवढा हेलियम जाळून?"
लिओबा हसली, आणि मग बराच वेळ हसली नाही.
तिला वाटत होतं, एखादा तरी आकडा बंड करेल.

शेवटी तिने दाब शून्यावर आणला.
भाडेकरू गेला. भिंतीत, चांदीत,
तिथल्या अगणित भाईबंदांत.
आता तो कुठला, हे विचारण्यात अर्थ नाही:
त्यांच्यात कुणाला तीळ नाही, व्रण नाही, आडनाव नाही.
इतके महिने ओळखत होती, असं तिला वाटत होतं.

दाराशी ओटमारने टोपली पुढे केली.
तिने किल्ल्या उचलल्या.
सगळ्यात लहान किल्ली कशाची,
ते क्षणभर आठवेना.