गळती

राजधानीतून फोन आला.
सातव्या मजल्यावरचा नवा साहेब, आवाज अजून कोवळा,
म्हणाला, तुमच्या भागाचा आलेख जानेवारीत चढतो
आणि जूनमध्ये धपकन बसतो.
चारशे ग्राहक कमी! ही गळती कशामुळे?
लेखी कळवा. शुक्रवारपर्यंत.

मी या कंपनीचा अकरावा माणूस.
पहिल्या वर्षी आमच्याकडे सहा वाहिन्या होत्या,
एक रशियन जीप, आणि तबकड्या मोजायला शंभर पानी वही.
अरखांगायच्या कुरणात एका गेरला तबकडी बसली
की दहा गेरांतली माणसं घोड्यावरून यायची,
कुस्ती बघायची, दुसरं काही लावू द्यायची नाहीत
आणि जाताना घरधनिणीचा खारट चहा तळापर्यंत संपवायची.

आता वाहिन्या एकशे चाळीस.
कोरियन सासवा आमच्या भाषेत भांडतात,
पोरांची कार्टूनं आमच्या भाषेत पडतात, उठतात.
गावातल्या दुकानात पिठाच्या पोत्याशेजारी
महिन्याचं कार्ड मिळतं, नखानं खरवडायचं.
हवामान दर तासाला.
रिमोटवर एक लाल बटण आहे, दाबलं की सिनेमा विकत मिळतो.
ते दाबणारा मला आजवर एकच भेटला: चुलीपाशी बांधलेलं करडू.
ते पैसे आम्ही माफ केले.

तर मी मोटारसायकल काढली.
ग्राहक क्रमांक तेवीस, सेवेलमा, जुनी वही, पान पहिलं.
दोन नद्या, एक खिंड, मग एकशे तीस किलोमीटर नुसतं गवत.
ती हिवाळ्याच्या जागेवरून केव्हाच हलली होती;
गेर दिसलं ते धुरामुळे.
दार दक्षिणेला, रिवाजाप्रमाणे.
तबकडीही दक्षिणेलाच हवी, मीच शिकवलं होतं तिला,
होकायंत्र कसं धरायचं, शिटी बारीक झाली की थांबायचं कसं.

तबकडी दक्षिणेला नव्हती.
तबकडी आभाळाकडे तोंड करून तीन दगडांवर उताणी,
आणि तिच्यात दह्याचे पांढरे तुकडे ओळीनं वाळत.

"हे काय?"
"आरूल," ती म्हणाली, जणू मी परदेशातून आलोय.
"खोलगट आहे ना, पाणी मधे जमतं."
मधोमध खिळ्यानं पाडलेलं भोक.
कंपनीच्या मालमत्तेला. माझ्या डोळ्यांदेखत.

"आणि फळ्या?"
फळ्या गेल्या झुदमध्ये जाळल्या, म्हणाली.
तुमच्या त्या हवामानवाल्या बाईनं तीन दिवस आधी सांगितलं,
म्हणून मेंढ्या आत घेतल्या. चाळीस वाचल्या.
जळण संपलं, तेव्हा फळ्या.
मग तिनं मला एक तुकडा दिला, दात दुखेपर्यंत कडक,
आणि देवाच्या पेटीवर बोट दाखवलं:
तबकडीचं बोंड तिथं लोकरीच्या मोज्यात झोपलेलं,
वायर वेणीसारखी गुंडाळून.

"आता कोण बघतंय? दिवसाला सात वेळा धारा.
दूध आटलं की लावते.
भोकानं चित्राला काही होतं का?"
नाही होत. एवढ्याशा भोकानं काही होत नाही.
हे खरं आहे, पण अर्जावर कसं लिहू?

अर्जावर पाच चौकटी आहेत:
किंमत. दुसरी कंपनी. स्थलांतर. मृत्यू. इतर.
मी 'इतर'वर खूण केली, पुढे लिहिलं: दूध.
शुक्रवारी दुपारी साहेबाचा फोन.
"दूध? हे कुठलं पॅकेज?"

साहेब, या एकदा. जूनमध्येच या.
गळती होते, हे तुमचं बरोबर आहे.
मी स्वतः वाकून पाहिलीय.
भोकातून होते, थेंब थेंब,
आणि खाली तिचं कुत्रं ती चाटत बसतं.