ड्रेसिंग

डिसेंबरात तळ्याचं पाणी बोटांना चावतं,
तेव्हा मासोळ्यांना फोड येतात.
आधी पोटाच्या बाजूला लाखेच्या थेंबाएवढा लाल ठिपका,
मग खवले उभे राहतात,
मग गळतात,
आणि आठ दिवसांत मांस उघडं पडतं.
कडा पांढऱ्या, मध्ये खोल.

ह्या कडा मी ओळखते.
एकतीस वर्षं नागपूरच्या मेडिकलमध्ये
स्टुलावर बसून साखरेचे पाय मांडीवर घेतले.
जखमेकडे बघण्याआधी तिचा वास घ्यायचा,
हे मला कोणी शिकवलं नाही.

मौद्याच्या अलीकडचं तळं सोसायटीचं,
राखण माझ्या दिराची, मंसारामची.
त्यानं कळमन्याहून चुन्याची पोती आणली,
पोरांनी डोंग्यातून पसापसानं फेकला,
दुपारभर तळं ताकासारखं दिसलं.
"बारक्यायचं भागन ह्याच्यात," तो म्हणाला,
"पण बियाण्याच्या माद्या नऊच हायेत, वैनी.
त्यायले हातानंच पाहा लागते."

म्हणून हे काठावर बसणं.
ओलं गोणपाट, मिठाच्या पाण्याचं घमेलं,
परमँगनेटची जांभळी बाटली, चिमटा, कापूस,
आणि घरून आणलेली हळद, तेलात कालवलेली,
लोणच्याच्या बरणीत.

पहिली मिरगल आणली तेव्हा मी हात कोरडे पुसले.
सवय.
"कोरडे नोका करू!" मंसाराम ओरडला.
तिची बुळबुळ हेच तिचं वरचं कातडं,
कोरड्या हाताला चिकटून ते निघून येतं.
म्हणजे जन्मभर जी स्वच्छता मी पाळली
ती इथं इजा.
हात तळ्यात बुडवले. गारठा कोपरापर्यंत चढला.

डोळ्यांवर ओला फडका टाकला की ती थांबते.
मी घड्याळ लावत नाही.
तिला वर घेतलं की माझाही श्वास धरते.
मेलेलं मांस सोडवते, टिपते,
जांभळं लावते, हळद दाबते,
आणि छाती धडकायला लागली
की काम अर्धं असलं तरी तिला घमेल्यात सोडते.
माझ्या उमरेला दम थोडाच.
ती पाण्यात कल्ले उघडते, मी हवेत तोंड.
जरा वेळ दोघी तशाच.

पेशंट विचारायचे, भरतंय का हो सिस्टर?
मी सिस्टर नव्हते. तरी सांगायचे, भरतंय.
गड्डीगोदामचा एक सुतार होता,
रोज विचारायचा, रोज सांगायचे,
गुडघ्याखाली कापायचा होता त्या सकाळीसुद्धा.
मासोळी विचारत नाही.
हे आधी बरं वाटलं.
चौथ्या मादीपाशी बरं वाटेनासं झालं.

चौथीची जखम काट्यांपर्यंत पोचलेली.
वास घेतला.
"सोडून देऊ का, वैनी?" मंसारामनं विचारलं.
सोडून म्हणजे पाण्यात, की कसं,
ते मी विचारलं नाही.
दोनदा श्वास धरून हळद भरली, आणि म्हटलं, भरेल.
त्यानं मान हलवली.
कोणाला म्हटलं ते त्याला कळलं असावं,
मला अजून नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन लागायला लागलं तेव्हा
जाळं ओढलं. सात आल्या.
तिघींना खोल व्रण.
मंसाराम म्हणतो, हीच ती चौथी.
मी म्हणते, नाही, ती लांबट होती.
रेखन, त्याचा पोरगा, म्हणतो,
"मोठीआई, तुमी नाव काहून नाही ठेवलं तिचं?"

हात आधी पाण्यात बुडवले.
मग एक बोट तिच्या बाजूवरून फिरवलं.
जखम होती तिथं खवले आलेत,
पण बारके, उलटसुलट,
अंधार पडायच्या आत
घाईनं फेरलेल्या कवेलूंसारखे.

नाकाशी नेलं.
तळ्याचाच वास होता.