चालवत, चालत

निलोफरचा उद्या इंग्रजीचा पेपर.
दुकानाच्या पायरीवर बसून ती गाळलेल्या जागा भरते,
मी टपातल्या पाण्यात ट्यूब दाबून
बुडबुडा शोधतो.

'अब्बा, सायकलला ड्राइव्ह म्हणत नाहीत.'
नाही? तीस वर्षं मी तेच समजत होतो.
'ड्राइव्ह मोटारीची. सायकलची राइड. घोड्याचीपण राइड.'
म्हणजे टांग टाकून बसायचं ते, मी म्हणतो.
ती पेन चावत मान हलवते.

मग पेडल. हे माझ्या ओळखीचं.
डाव्या पेडलचे आटे उलटे असतात,
ते तिच्या पुस्तकात नाही.
मालेगाव स्टँडचा चढ म्हणजे पेडल,
पोटऱ्या दगड होईपर्यंत.
परतताना होळकर पुलाकडे
पाय थांबलेले, फ्रीव्हील किरकिरतंय,
शर्टात गोदेचा वारा.
तेव्हा राइड चालूच असते,
पेडल मात्र नसते.

तिसरं नुसतंच सायकल.
'आय सायकल टू कॉलेज.'
राइडला मागे सायकल जोडावी लागते,
हिच्या पोटातच सायकल आहे,
पुन्हा लिहिली की मार्क गेला.
बाइकही चालते म्हणे.
भद्रकालीत बाइक म्हटलं
की लोक ॲव्हरेज विचारतात.

आपली पोरं सायकल हाणतात,
पेपरवाला दामटतो,
पण कागदावर सगळ्यांची एकच: चालवणे.
दुकानही चालवणे, घरही चालवणे.
एका शब्दावर ट्रिपल सीट.

'आणि कॅरियरवर बसलेलीही राइडच करते.'
आतून जुबेदा ओरडते,
'मग देवळाली गावापर्यंत
एवढी वर्षं मीपण चालवलीच की!'
यावर मी ट्यूब घासायला घेतो.

इतक्यात खैरनार मास्तर.
एक हात हँडलवर, एक सीटवर,
मागचं चाक सपाट,
पंचवटीपासून पायी, घामानं चिंब.
निलोफर त्यांच्याकडे बघते, मग वहीकडे.
'अब्बा, याला काय म्हणायचं?'

मला इंग्रजी येत नाही, बेटा.
एवढंच माहीत आहे,
माझ्या दुकानात कुणी सायकल चालवत येत नाही.
चालत येतात.
हवा गेली
की सायकलच माणसाला चालवते.

मास्तर, बसा. दहा मिनिटं.