चार अँपिअर

एकतीस वर्षं मी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला
बसऱ्यातल्या एका शाळेत, जिथे खडू
घामानं ओला होऊन बोटांतच मोडायचा.
"वीज दिसत नाही," मी पोरांना सांगायचो,
"दिसतात ते तिचे परिणाम."
मागच्या बाकावर गझवान जांभया द्यायचा.
आता तो गल्लीच्या तोंडाशी जनरेटर चालवतो
आणि दर पहिल्या तारखेला
माझ्याकडून अँपिअरचे पैसे घेतो. दोनदा मोजून.

चार अँपिअर. साठ हजार दिनार.
पेन्शनीतून तेवढे गेले की राहतं
पीठ, नूरियाच्या गोळ्या, गोड्या पाण्याचा टँकर.

सरकारी वीज गेली की मी वही उघडतो.
फ्रीज एक. कूलर एक.
तीन पंखे मिळून पाऊण, दिवे पाव.
पंप एकटाच दोन खातो,
म्हणून तो चालू असताना
सगळं घर श्वास धरून बसतं.

आणि पाणी तरी कसलं!
दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला
तर चहापत्ती टाकायचीच बाकी.
इथं बंब उलटा चालतो:
पहाटे बादल्या भरून जिन्याखाली ठेवायच्या,
संध्याकाळपर्यंत पाणी निवलं तर अंघोळ.

ऑगस्ट दारातला खिळासुद्धा जाळतो, असं आमच्याकडे म्हणतात.
खिळ्याचं माहीत नाही.
कडी उघडायला मी फडकं वापरतो.

सुनेला, रबाबला, आठवा महिना.
तिच्या खोलीतला कूलर बंद करायचा नाही
हा घराचा ठराव. मत कुणी कुणाचं घेतलं नाही.
पूर्वेचा दमट वारा सुटला की कूलरही
नुसती ओली वाफ फेकतो,
आणि ती भिंतीला पाठ टेकून म्हणते,
"बरं वाटतंय, बाबा."
खोटं बोलते.

जुलैत खटका पडायला लागला.
रोज रात्री, साडेदहाच्या सुमारास. खट्.
मग काळोख, मग मी, मग टॉर्च.
बेरीज पुन्हा केली. तीच आली.
शाळेतून आणलेला जुना मीटर वायरीला लावला:
पाव अँपिअर जास्त.

गेलो गझवानकडे. गल्लीदेखत म्हणालो,
"मास्तरलाच लुटतोस?"
त्यानं तेलकट हात पँटला पुसले.
"उस्ताद, तुम्हीच शिकवलंत,
सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते.
इथून चारच निघतात.
घरात शोधा."

म्हणजे तो ऐकत होता. मागच्या बाकावर.

शोधलं.
स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्यांमागे
एक करडी वायर, चिकटपट्टीनं जोडलेली,
झरोक्यातून पलीकडे गेलेली
उम्म सत्तारच्या घरात, जिनं जनरेटरची जोडणी
जूनमध्येच तोडून घेतली होती.

नूरिया कलिंगडाच्या बिया वेचत होती.
"कधीपासून?"
"जूनपासून."
"सांगायचं तरी."
"तुम्ही हिशेब केला असता."

मी काही बोललो नाही.
खरं तर बोलण्यासारखं बरंच होतं:
जोड नीट नव्हता, टेप वितळत होती,
आग लागली असती.
खुर्चीवर चढून जोड पुन्हा केला,
पक्का.
नूरियानं खुर्ची धरली.

आता रात्री साडेदहाला माझा पंखा बंद.
चादर भिजवून गच्चीवर नेतो,
ती वाळायच्या आत झोप लागली तर लागली.
नाही तर पुन्हा खाली, पुन्हा बादली.
वहीत एक नवी ओळ आली आहे.
तिला काय नाव द्यावं सुचेना.
शेवटी लिहिलं: गळती, पाव.

गच्चीवरून तिचा पंखा ऐकू येतो.
टक. टक. टक.
पातं वाकलंय, जाळीला घासतंय.
एक पाना आणि दोन मिनिटांचं काम.
पण मी पाना घेऊन गेलो
तर तिला कळेल की मला कळलंय.

टक. टक.
चादर अर्धी वाळली.