अडीच टक्के

सकाळी सातला, शेफील्डच्या पूर्वेकडच्या एका शेडमध्ये,
मी पोलादाची सळई जबड्यात धरते
आणि यंत्र तिला ओढू लागतं.
आधी ती नुसती ताणते,
सोडली की परत पहिल्यासारखी.
मग कागदावरची रेघ किंचित वाकते,
त्यानंतर सोडा, न सोडा,
ती पूर्वीची होत नाही.
तुटायला अजून पुष्कळ वेळ असतो.
ग्राहकांना हे समजावून सांगायचं कामही माझंच.

सव्वीस हजारांवर लागले.
पहिल्या एप्रिलला अडीच टक्के, आणि केक.
दुसऱ्या एप्रिलला अडीच टक्के. वर्ष कठीण गेलं म्हणाले, केक नाही.
तिसऱ्या एप्रिलला पत्र आलं:
सत्तावीस हजार नऊशे नव्याण्णव.
बाबा फोनवर हसले,
अगं, ही तर बाटाच्या चपलेची किंमत.

सप्टेंबरात कॅलम आला.
नमुना कसा घासायचा, कुठला ड्रॉवर अडकतो,
शुक्रवारी कोणाचा फोन उचलायचा नाही,
सगळं मी शिकवलं.
कँटीनमध्ये चिप्सचं पाकीट फोडता फोडता
त्यानं सहज आपला आकडा सांगितला.
एकतीस हजार पाचशे.
तुझा तर बराच जास्त असेल, ना?
मी म्हटलं, हं.

फरक साडेतीन हजार एक.
वरचा एक शकुनाचा,
आहेराच्या पाकिटात घालतात तसा.

ग्रॅहम वाईट माणूस नाही.
माझं मनगट भाजलं तेव्हा
इस्पितळात चार तास शेजारी बसून होता,
स्वतःचा सँडविच मला दिला.
चांगल्या साहेबाचा हाच तोटा,
त्याच्यापुढे पैसे मागताना
आपणच उसने मागतोय असं वाटतं.
तो टेबलाकडे बघून म्हणाला,
नव्यांचा आकडा बाजार ठरवतो,
जुन्यांचा बजेट.
मी जुनी. वय सव्वीस.

रविवारी डॉनकास्टरला गेले.
बाबांनी पट मांडला.
एकाच इस्पितळात, एकाच खोलीत
बाबांनी सव्वीस वर्षं लोकांची हाडं पाहिली.
थांब थोडी, म्हणाले, ते बघतील.
आई भांडी पुसत होती.
कोण बघतील?
शाळेचं स्वयंपाकघर, मग औषधांचं दुकान,
मग लायब्ररी, मग पुन्हा दुकान, पण मोठं:
आईनं चार नोकऱ्या बदलल्या
आणि या घरात त्याला कोणी
करिअर म्हटलं नाही.
प्रत्येक वेळी तासाला थोडे पेनी वाढवून घेतले, म्हणाली,
तुझ्या सहलींचे पैसे कुठून आले वाटतं तुला?

बाबांनी काही न बोलता घोडा उचलला.
अडीच घरं. मलाही तेवढंच मिळतं,
पण घोडा सरळ जात नाही,
मधल्यांच्या डोक्यावरून जातो.
माझा उंट गेला.

डर्बीचं पत्र आलं, चौतीस हजारांचं.
ट्रेनचा पास वजा केला, लवकर उठणं वजा केलं,
ग्रॅहमचा सँडविच वजा करता येईना,
तो तसाच बाजूला लिहून ठेवला.
राजीनामा वाचून ग्रॅहमनं चष्मा काढला.
तेहतीसपर्यंत जाऊ शकतो, म्हणाला,
वरच्यांशी आत्ताच बोललो.
काल हे पैसे कुठे होते,
असं मी विचारलं नाही.
त्यानं उत्तर दिलं असतं, आणि ते खरंही असतं.

शेवटच्या आठवड्यात कॅलमनं विचारलं,
जायची वेळ झाली हे कळतं कसं?
मी कालचा आलेख पुढे सरकवला.
त्यानं वळणावर बोट ठेवलं. इथे?
नाही रे, तिथे असताना कळत नाही.
ओढणं चालूच ठेवायचं,
मग पट्टी घेऊन सुरुवातीच्या रेघेला समांतर
थोडी बाजूला दुसरी रेघ मारायची.
ती जिथे कापेल, तो बिंदू.
म्हणजे होऊन गेल्यावर सापडतो?
हो. तिसऱ्या एप्रिलच्या आसपास.

त्याला ते कळलं नाही.
त्यानं पट्टी ठेवली, जीभ दाताखाली धरून
हळूच रेघ मारली.
सरळ आली.
पेन्सिल माझी होती, मी परत मागितली नाही.